चौथ्या प्लगची मजुरी

आज मोगऱ्याची नोंद नाही, मोगरा वाहून नेणाऱ्या गाडीची आहे.

"फक्त प्लगच तर बदलायचेत, त्याचे एवढे पैसे?" हे वाक्य गॅरेजात उभं राहिलं की रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतं. माझं स्पष्ट मत आहे, निदान आपण शेतकऱ्यांनी तरी ते बोलणं थांबवावं. आपला घाम कुणी "फक्त फुलंच तर तोडायचीत" म्हणून मोजला की आपल्याला राग येतो ना? तसंच आहे हे.

आपली प्लगबद्दलची कल्पना शेतातल्या मशिनींवरून झालेली आहे. ब्रश कटर घ्या, पॉवर वीडर घ्या, फवारणीचा पेट्रोल पंप घ्या. प्लग समोरच, हाताशी. रबरी टोपी ओढायची, डब्यातला बॉक्स पाना आणि टॉमी लावायची, प्लग बाहेर. काजळी पुसली, गॅप बघितला, परत बसवला. बांधावर बसून चहा थंड व्हायच्या आत काम होतं. ट्रॅक्टरला तर स्पार्क प्लगच नाही, डिझेल आहे तो. त्यामुळे प्लग म्हणजे पाच मिनिटांचं काम, हे डोक्यात पक्कं बसलंय.

पण ज्या गाडीतून आपण माल मुंबईला नेतो तिचं इंजिन कुठे असतं ते आठवा. १९८४ पासून २०१९ पर्यंत बनलेली ओम्नी असो की २०१० मध्ये आलेली ईको, इंजिन पुढच्या सीटांच्या खाली. आणि ते तिथे आहे म्हणूनच ही गाडी आपल्या कामाची आहे, हेही खरं. पुढे लांब नाक नाही, म्हणून तेवढ्याच लांबीत मागे क्रेट जास्त बसतात. दादरच्या फुलबाजाराजवळच्या गल्लीत वळवता येते, दोन टेम्पोंच्या फटीत लावता येते. आपल्याला मिळालेली ती जागा इंजिनाची जागा कमी करून मिळालेली आहे. प्लगला हात घालायचा तर सीट उचला, खालचं झाकण काढा, मग पाइप आणि वायरिंग बाजूला सारा, आणि मग अंदाजाने चाचपडा. पुढचे प्लग तरी दिसतात. सगळ्यात मागचा, गिअरबॉक्सकडचा, तो झाकणाच्या कडेखाली असतो. तिथे डोळा पोचत नाही आणि मोठ्या तळहाताच्या माणसाचा पंजाही पोचत नाही.

आता आमच्या गाडीचं सांगतो. आम्ही चौघं मिळून एका व्हॅनमधून माल पाठवतो. पावसाळ्याच्या आधी ती एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती. बिलावर चार प्लग. मजुरी अगदी कमी, आमच्यातला एक जण तर खूश होता. गाडी उभी असताना इंजिन छान चाले. पण पहाटे पूर्ण लोड घेऊन दादरचा टिळक पूल चढायला लागली की मिसिंग मारायची. झटके, पिकअप नाही, मागून हॉर्न. त्यात सप्टेंबर २०२५ पासून प्रभादेवीचा एल्फिन्स्टनचा पूल पाडकामासाठी बंद झाल्यावर परळकडची सगळी गर्दी टिळक पुलावर आणि करी रोडला लोटली. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये रांगत चढ चढायचा. शेवटी परळच्या एका रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने ठेवले. तीन नवे, पांढरेशुभ्र चिनीमातीचे. चौथा जुनाच. टोक झिजून गोल झालेलं आणि गॅप नुसत्या डोळ्यांनी कळेल एवढा वाढलेला. बिलात चार होते, गाडीत तीन गेले होते.

रिकाम्या गाडीत हे कळलं का नाही, तेही समजून घ्या, कारण फसवणूक इथेच लपते. प्लगच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटरच्या आसपासची फट असते, गाडीप्रमाणे थोडी कमी-जास्त. त्या फटीतून ठिणगी उडायला किती दाब लागेल, म्हणजे किती हजार व्होल्ट, हे दोन गोष्टींवर ठरतं: फट किती मोठी आणि सिलिंडरमध्ये हवा किती दाबलेली. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळपास बंद असतो, आत हवा कमी, दाब कमी. झिजलेल्या प्लगलाही ठिणगी उडवता येते. लोड घेऊन चढाला लागलात, पाय दाबलात, की सिलिंडर भरून हवा येते, दाब वाढतो आणि कॉइलची ताकद अपुरी पडते. ठिणगी उडत नाही किंवा भलत्या वाटेने निघून जाते. म्हणून गॅरेजच्या दारात इंजिन ऐकून "ओके आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही. प्लगची परीक्षा पुलावर होते.

आणि सीएनजीवर ती आणखी कडक. गॅसला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लग लवकर झिजतो आणि झिजला की लवकर कळतो. पेट्रोलवर नीट चालणारी गाडी गॅसवर टाकल्यावर झटके देते, तेव्हा लोक गॅस किटला शिव्या घालतात. आधी प्लग बघा.

न पेटलेलं इंधन जातं कुठे? सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो, त्यात जाऊन ते जळतं. तो तापून खराब झाला तर खर्च हजारांत जातो. एका शे-दीडशेच्या साध्या प्लगसाठी. आमचा कन्व्हर्टर वाचला. पण गणपती-दसऱ्याच्या दिवसात गाडी भर पुलावर बंद पडली असती तर मोगऱ्याचं काय झालं असतं? कळी रात्री फुलते. उजाडेपर्यंत बाजारात पोचली नाही तर तिला भाव नाही, आणि झेंडूसारखी ती संध्याकाळपर्यंत थांबतही नाही.

त्या पहिल्या गॅरेजवाल्याने केलं ते चूकच. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण एवढ्यावर विषय संपवायलाही मी तयार नाही. प्लगची मजुरी आपण ठरवतो ती ब्रश कटरच्या हिशोबाने. तीन प्लग वीस मिनिटांत निघतात आणि चौथ्याला एकट्याला तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. मजुरी मात्र चारांची मिळून एकच, आणि तीही घासाघीस करून अर्धी केलेली. पोऱ्याने हात भाजून, बोटं सोलून तो चौथा काढावा, असं त्या पैशात कुठे लिहिलंय? प्रामाणिक मिस्त्री जास्त मागतो आणि गिऱ्हाईक गमावतो. दुसरा कमी मागतो आणि चौथा तसाच ठेवतो. आपण दुसऱ्याला निवडतो, वर त्याला स्वस्त म्हणून दुवा देतो.

परळच्या मिस्त्रीने कसं काम केलं ते नीट सांगतो, कारण पैसे कशाचे होतात ते त्यातून कळेल. त्याचे वडील गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, पुढे लालबाग-परळच्या गिरण्या एकेक करून गेल्या, आणि तो पान्यांचा डबा घरी आला. तो म्हणाला, साचेखात्यात मशिनींच्या दोन रांगांमध्ये माणसाला जायला वाट सोडलेली असायची, इथे बोटाला पण नाही.

पहिली गोष्ट म्हणजे त्याने गाडीला हातच लावला नाही. "थंड होऊ दे." हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग पिळला तर हेडचे आटे त्याच्याबरोबर निघून येऊ शकतात, आणि मग काम प्लगचं राहत नाही, हेडचं होतं. तास-दीड तास गाडी नुसती उभी. घाई करणारा गिऱ्हाईक इथेच चिडतो. मग प्लगच्या खड्ड्यांत हवा मारली. आपल्या गाड्यांत लाल माती, भुसा, पाकळ्या सगळं साचतं. प्लग काढल्यावर तो कचरा सरळ सिलिंडरमध्ये पडणार, म्हणून आधी हवा. एकावेळी एकच जोडणी सोडली, म्हणजे वायर अदलाबदल होत नाही. कनेक्टरची प्लॅस्टिकची जीभ उष्णतेने कडक होते, ओढली की तुटते, ती त्याने बोटाने दाबून अलगद काढली.

चौथ्यासाठी त्याने एक छोटं एक्स्टेन्शन, मग वाकणारा सांधा, मग दुसरं एक्स्टेन्शन, अशी जोडणी केली. टोकाला पातळ भिंतीची प्लगची गोटी, आत रबर असलेली. सगळं एकदम जोडून आत जात नव्हतं, म्हणून गोटी आधी हाताने आत सोडली आणि बाकीचं आत गेल्यावर जोडलं. अर्धा फेरा सैल केला आणि थांबला. थोडं तेल सोडलं, थोडा घट्ट, परत सैल. तो जुना प्लग किती वर्षं आत होता देव जाणे. तुटला असता तर अर्धा आतच राहिला असता.

बसवताना त्याने जे केलं ते मी आता वहीत लिहून ठेवलंय. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा. प्लगचं वरचं टोक त्यात खुपसायचं आणि नळी दोन बोटांनी फिरवत प्लग आत लावायचा. आटे सरळ लागले तर प्लग फिरत जातो. तिरके लागले तर नळीच घसरते, जोर पोचतच नाही. पान्याने सुरुवात केली तर तिरके आटे कळतही नाहीत, पाना दामटून नेतो. हाताने शेवटपर्यंत बसल्यावर मग पाना, वॉशरवाल्या नव्या प्लगला साधारण अर्धा ते पाऊण फेरा, बस. टॉर्क पाना असेल आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा असेल तर उत्तमच. टॉमीवर उभं राहायचं काम नाही हे.

दोन गोष्टी त्याने न मागता दाखवल्या. एका खड्ड्यात तेल साचलेलं होतं, म्हणजे वरच्या कव्हरचं सील चाललंय. आणि काढलेल्या प्लगचा रंग. फिका तपकिरी असेल तर जळण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओला तेलकट काळा म्हणजे आत ऑइल येतंय. पांढरा फटक आणि फोड आलेला म्हणजे इंजिन जास्त तापतंय. आपण पानाचा रंग बघून कुठलं खत कमी पडलं ते सांगतो, तसंच.

या सगळ्याला जे पैसे झाले ते पहिल्या गॅरेजच्या जवळजवळ तिप्पट होते. मला ते महाग वाटले नाहीत.

पूर्वी असं नव्हतं, असं जुने टॅक्सीवाले सांगतात आणि ते खोटं नाही. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं की १,०८९ सीसीचं इंजिन मधोमध आणि चारी बाजूंना मोकळी जागा. चारही प्लग ओळीने समोर. गिरगावात, दादरला स्टँडवर उभे असलेले ड्रायव्हर भाडं मिळेपर्यंत प्लग काढून पॉलिश पेपरने घासत बसायचे. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत भरली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. पेपरांत बरेच हळवे लेख आले तेव्हा. मला हळवं व्हायचं नाही. ती गाडी धूर ओकायची, ब्रेकचं सांगायलाच नको, तिच्या जागी परत तीच हवी असं कुणी म्हणणार नाही. पण ड्रायव्हरचा हात इंजिनापर्यंत पोचायचा, ही एक गोष्ट तिच्याबरोबर गेली आणि तिची बातमी झाली नाही.

ती गेली कशामुळे? एसी, पॉवर स्टीअरिंग, एबीएस, प्रदूषणाची साधनं, २०२० पासून बीएस-६ चं सगळं सामान, हे बॉनेटखालीच बसवावं लागतं. यातलं बरंचसं हवंच आहे. पण आणखी एक कारण आहे ज्याच्याबद्दल गॅरेजात कुणी बोलत नाही. ते म्हणजे कर. २००६ च्या अर्थसंकल्पापासून आपल्याकडे चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल तर गाडीला कमी कर. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तरी रेघ तीच राहिली: तिच्या आतल्या छोट्या गाडीला १८ टक्के, तिच्या बाहेरच्या मोठीला ४०. म्हणजे कंपनीला चार मीटरच्या आतच सगळं बसवायचंय. गिऱ्हाइकाला मागे पाय पसरायला जागा हवी, डिकी हवी. मग लांबी कापायची कुठून? बॉनेटमधून. करवाल्यांनी बंपर ते बंपर फूटपट्टी लावली. आतमध्ये मिस्त्रीचा हात जातो का, ते मोजायचं कलम त्यात नाही.

वर बाहेरून बसवलेलं गॅस किट. रेड्यूसर, फिल्टर, इंजेक्टरची पट्टी आणि पाइपांचं जाळं बसवणारा त्याला सोयीचं असेल तिथे ठोकतो. ते नेमकं प्लगच्या वर आलं तर पुढच्या प्रत्येक वेळी ते सोडवणं आलं. गाडीच्या कंपनीचा इथे काही दोष नाही. किट बसवताना मालकाने समोर उभं राहून "प्लग काढून दाखव" एवढं म्हटलं तर निम्मा त्रास वाचतो.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९७५ च्या सुमारास शेवरले मॉन्झा नावाच्या छोट्या गाडीत मोठं व्ही-८ इंजिन कोंबलं होतं. एक प्लग काढायला इंजिनाचं माउंट सोडवून इंजिनच थोडं उचलावं लागे. तिथल्या लोकांनी तेव्हा भरपूर बोंबाबोंब केली, आपण मात्र सीट उचलतो आणि गप्प बसतो.

कुणी म्हणेल, आता इरिडियमचे प्लग येतात, लाखभर किलोमीटर चालतात, मग हात पोचला काय नि नाही काय. चांगले असतात ते, महागही असतात. पण कुठला प्लग चालेल ते गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठरतं, आणि आपल्या कामाच्या बऱ्याच गाड्यांत अजून साधेच येतात. शिवाय जो प्लग वर्षानुवर्षं हेडमध्ये बसून राहतो तो तिथेच धरतो. जितका उशिरा काढाल तितका जास्त सांभाळून काढावा लागतो. म्हणजे हात पोचण्याची गरज कमी होत नाही.

कायद्याचं बघायचं तर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागायला गेल्या. केंद्राच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं आहेत आणि शेतीची यंत्रंही आहेत. हे चांगलं आहे. पण दोन्हीकडे भर आहे तो पार्ट मिळण्यावर आणि माहिती मिळण्यावर. पार्ट तर मला गिरगावात ऑपेरा हाऊसला बिलासकट मिळतो. (बिल घ्याच, नकली प्लग खूप फिरतात. रेझिस्टर असलेला प्लग मल्टिमीटरवर काही हजार ओहम दाखवतो, शून्याजवळ आला तर परत करा.) अडचण पार्टची नाही, तो लावायच्या जागेची आहे. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापायला लावले, आणि वस्तू किती सहज उघडते याचे गुण त्यात वेगळे मोजले जातात. विजेवर चालणारं गवत कापायचं यंत्र त्या यादीत होतं, मोटारगाडी नव्हती. आपल्याकडे गाडीच्या जाहिरातीत मायलेज लिहितात तसं "चार प्लग बदलायला इतकी मिनिटं" असं लिहायला लावलं, तर पुढच्या मॉडेलचा नकाशा काढणारा इंजिनिअर एकदा तरी आपला हात मोजून बघेल.

ते होईल तेव्हा होईल. आमच्या चौघांचं ठरलंय ते असं. मजुरी तासावर द्यायची, नगावर नाही. गाडी संध्याकाळी सोडायची आणि थंड झाल्यावरच उघडायची. जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने परत मागायचे, फेकायचे नाहीत. नवे प्लग बसल्यावर दारात इंजिन ऐकायचं नाही, मागे वजन टाकून, मिस्त्रीला शेजारी बसवून परळचा नाहीतर लालबागचा पूल चढून यायचं. पैसे त्यानंतर. परळचा मिस्त्री यावर हसला, पण बसला गाडीत.

पुढचे प्लग नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात. वहीत किलोमीटरचा आकडा लिहिलाय, आणि रबरी नळीचा तुकडा टूल किटमध्ये टाकलाय.